सूट येते कुठून आणि बघायचं काय

ऑनलाइन ब्रोकर, म्हणजे ग्राहक आणि डीलर यांच्यातला मध्यस्थ, शोरूमपेक्षा स्वस्तात नवी गाडी देतो तरी कसा, यात काहीतरी गोम असणारच, अशी शंका अनेकांना येते. असेलच असं नाही. डीलरला कंपनीकडून महिन्याचं, तिमाहीचं विक्रीचं टार्गेट असतं आणि ते गाठलं की बोनस. टार्गेटला दोन-चार गाड्या कमी पडत असतील तर त्या जवळजवळ नफा न घेता विकणंही त्याला परवडतं. ब्रोकर असा अडलेला डीलर गाठतो आणि आपलं कमिशन बहुतेक वेळा त्याच्याकडूनच घेतो.

म्हणून बिल अधिकृत डीलरचं हवं आणि पैसेही थेट त्याच्याच खात्यात. ब्रोकर स्वतःच्या खात्यात मोठा अॅडव्हान्स मागू लागला तर सरळ रामराम ठोका.

दुसरं, टार्गेट भरायला काही डीलर गाडी स्वतःच्याच नावावर नोंदवून टाकतात. मीटरवर जेमतेम दहा किलोमीटर, सीटवरचं प्लास्टिकही तसंच, पण कागदोपत्री तुम्ही दुसरे मालक आणि वॉरंटी सहसा पहिल्या नोंदणीपासूनच चालू झालेली. सूट घसघशीत असेल तर घ्यायला हरकत नाही (पुढे विकताना भाव पडतो, तेवढं धरून चाला), पण हे आधी सांगायला नको का? सही करण्यापूर्वी 17 अक्षर-अंकांचा चासी नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागा आणि उत्पादनाचा महिना व पहिल्या नोंदणीची तारीख लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर समजून जा.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर मात्र बऱ्याच ब्रोकरांकडे ती सोयच नसते.