ट्राउटसाठी पहिला रॉड: आधी लाइन ठरव

मी: प्रश्न ग्रुपवर टाकतोय, पण मुख्यतः मामा आणि मावशीसाठी आहे. ट्राउट माशासाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-धाग्याच्या खोट्या माशीने मासे धरणं, शिकायचं पक्कं केलंय. तीन दिवस नुसते रॉड बघतोय. लांबी, वेट, अ‍ॅक्शन, सगळ्याचा गुंता झालाय. ६ वेटचा एक फास्ट, म्हणजे ताठ रॉड मनात भरलाय. त्याच तोलामोलाचं रीळ घ्यावं म्हणतो. लाइन काय, जी मिळेल ती चालेल ना?

मामा: ते शेवटचं वाक्य आधी खोड. जी मिळेल ती लाइन चालणार नाही. तू टोपी ठरवून मग डोकं शोधतोयस.

मामा: साध्या गळाने मासे धरतात तेव्हा काय होतं बघ. गळाजवळ शिसं असतं किंवा आमिष जड असतं. ते फेकलं की मागून दोर ओढला जातो. इथे उलट आहे. माशी म्हणजे पिसं आणि धागा गुंडाळलेला एवढासा गळ. फुंकर मारलीस तर तळहातावरून उडेल. ती फेकताच येत नाही. फेकायची ती लाइन, आणि ती हवेत उलगडत जाताना टोकाच्या माशीला सोबत नेते. म्हणून वजन लाइनला दिलेलं असतं, आणि रॉडवर छापलेला आकडा खरं तर त्या लाइनचा असतो. ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या वजनाला जो नीट वाकतो तो ५ वेटचा रॉड. रॉड ५ चा आणि लाइन ३ ची घेतलीस तर रॉड वाकणारच नाही आणि दिवसभर हात दुखेल.

ताई: म्हणजे पैसे कुठे घालायचे ते सांग ना मामा. याचं बजेट मी ओळखते.

मामा: आधी लाइन. मग रॉड. रीळ सगळ्यात शेवटी. चांगली लाइन मधल्या दर्जाच्या रॉडलाही सांभाळून घेते. खराब लाइन उत्तम रॉडची वाट लावते. ती वेटोळी धरते, रॉडच्या कड्यांत अडखळते, टोकाकडून पाण्यात बुडायला लागते आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच चुकतंय. नव्या माणसाचा हिरमोड इथेच होतो, म्हणून इतकं तळमळीने सांगतोय.

मी: मग नक्की कुठली लाइन?

मामा: डब्ल्यूएफ५एफ असं लिहिलेली. पुढचा भाग जाड आणि जड, मागचा बारीक, वजन ५ नंबरचं आणि पाण्यावर तरंगणारी. बुडणाऱ्या लाइनच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस.

मावशी: आणि रंग असा घे की तुला दिसेल. लाइन माशाला दिसेल ही भीती नको. लाइन आणि माशी यांच्यामध्ये नऊ फुटी पारदर्शक लीडर असतो. आपली लाइन पाण्यावर कुठे पडली, प्रवाह तिला कुठे ओढतोय, हे तुला दिसलं नाही तर शिकणार कशावरून?

मी: पण मग ६ वेट का नको?

मामा: नको असं नाही. मोठं तळं असेल, वारा अंगावर येत असेल, जड माशा फेकायच्या असतील तर ६ बरा. पण ओढा, मध्यम नदी, नेहमीचा ट्राउट, यांना ९ फुटी ५ वेट पुरून उरतो. नऊ फूट यासाठी की लांब रॉडने लाइन पाण्यावरून उचलून धरता येते. काठावर झाडी दाटलेला अरुंद ओढा असेल तर साडेसात फुटी ३ किंवा ४ वेट. तो दुसरा रॉड झाला, पहिला नाही. आणि फास्ट नको. मध्यम किंवा मध्यम-फास्ट घे. लाइन मागे पूर्ण उलगडली की रॉड हाताला खेचतो, तो क्षण ओळखायला शिकायचं असतं. फार ताठ रॉडमध्ये सुरुवातीला तो कळतच नाही.

मावशी: चार तुकड्यांचा घे, नेण्या-आणण्याला सोपा. एक सवय मात्र लावून घे: तासा-दोन तासांनी जोड घट्ट करायचे. फेकून फेकून ते सैल होतात आणि टोकाचा तुकडा लाइनवरून घसरत पाण्यात जातो.

मी: रीळ खरंच शेवटी? दुकानात सगळे आधी रीळच हातात देतात.

मामा: ट्राउटसाठी रीळ म्हणजे बहुतेक वेळ लाइन ठेवायची जागा. नेहमीच्या आकाराचा मासा आपण हातानेच लाइन ओढून आणतो. एवढंच बघ की रीळ ५ वेटच्या लाइनचं आहे आणि मासा पळाला तर ब्रेक झटका न देता सुटतो. लाइनच्या आधी रिळावर २० पौंडी डेक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे लाइनमागचा बारीक दोर, गुंडाळायचं. त्याने रीळ भरतं आणि लाइनची वेटोळी मोठी राहतात. उजव्या हाताने फेकत असशील तर रिळाची मूठ डावीकडे लावून घे, म्हणजे मासा लागल्यावर रॉडचा हात बदलावा लागत नाही.

आई: मला एक कळत नाहीये. पाण्यात किती आत जायचं असतं? प्रवाह असतो ना.

मावशी: अगं, काळजी करू नकोस. पहिले काही महिने त्याने काठावरूनच करावं. मासा काठाजवळच पुष्कळ असतो, नवखे लोक नेमके त्याच्यावरून चालत जातात. पुढे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक पँट, घेतलाच तर कमरेचा पट्टा कायम आवळलेला हवा. पडलं तरी आत पाणी फारसं भरत नाही. आणि गुडघ्यापेक्षा खोल जायची घाई नको.

मामा: बुटांचं मी सांगतो. लोकरीच्या तळव्याचे बूट दगडावर छान धरतात, पण ते लवकर वाळत नाहीत आणि एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत नेतात. न्यूझीलंडने डिडिमो नावाच्या शेवाळापायी २००८ मध्ये तसे तळवे बंदच केले. रबरी तळव्याचे घे. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट, जाळी सगळं धुऊन खडखडीत वाळवायचं.

ताई: गळ डोळ्यात जाण्याचं काय? मला तीच भीती वाटते.

मामा: बरोबर बोललीस. चष्मा आणि टोपी हे सामानाच्या यादीत रिळाच्याही वर. पोलराइज्ड चष्मा घे. पाण्यावरची चकाकी जाते, तळाचे दगड दिसतात, दगडाच्या सावलीत स्थिर उभा मासासुद्धा दिसतो. चष्म्याशिवाय एकही फेक नाही, गवतावरच्या सरावातही नाही.

मी: लीडर आणि टिपेटचे आकडे अजून डोक्यात शिरत नाहीत. ५एक्स म्हणजे काय?

मावशी: हे माझ्याकडे. टिपेट म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायची तशीच बारीक पारदर्शक तार. एक्सचा आकडा ११ मधून वजा कर, राहील तेवढे हजारांश इंच जाडी. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. म्हणजे आकडा मोठा तर तार बारीक. गळाचंही तसंच, आकडा मोठा तर गळ लहान. आणि गळाच्या आकड्याला ३ ने भाग, जवळपास तुझा एक्स मिळतो. १६ नंबरच्या माशीला ५एक्स. नऊ फुटी ५एक्सचा निमुळता लीडर घे आणि टिपेटची दोन रिळं, ४एक्स आणि ५एक्स. माशी बदलताना दर वेळी लीडर थोडा तुटतो, तेवढं टिपेट जोडत राहायचं.

मावशी: आणि गाठीबद्दल नीट ऐक. माझ्या पहिल्या वर्षी एका डोहाच्या शेपटाला, पाण्यात बुडलेल्या मुळापाशी, एक ट्राउट सारखा वर येत होता. अर्धा तास थांबून एक फेक बरोबर पडली. पाणी फुगलं, रॉड वाकला, दोन धडक्या बसल्या आणि सगळं सैल. मला वाटलं तार तुटली. लाइन ओढून टोक डोळ्यांजवळ धरलं तर शेवटचा इंचभर भाग वेलीच्या तणाव्यासारखा वळलेला. तार तुटली की टोक सरळ असतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सरकली. मी घाईत कोरडीच आवळली होती. तोंडात माशी अडकवून तो मासा गेला याचं मला आजही वाईट वाटतं. माशी बांधायच्या क्लिंच गाठीला पाच-सहा वेढे, थुंकीने ओली कर, हळू आवळ, मग ओढून बघ. टिपेट जोडायला सर्जन्स गाठ. या दोन डोळे मिटून येईपर्यंत पाण्यावर जाऊ नकोस.

मी: लिहून घेतलं. माशा कुठल्या?

मामा: शंभर माशांचा डबा नको. तरंगणारी अ‍ॅडम्स, १४ आणि १६ नंबर. मिशिगनच्या लेनर्ड हॅलडे यांनी १९२२ मध्ये बांधलेली, ती नेमक्या एका किड्यासारखी नाही आणि पुष्कळ किड्यांसारखी आहे, म्हणूनच चालते. पण ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालीच खातो, तेव्हा निंफ, म्हणजे बुडणाऱ्या माशा, हव्यातच. फेजंट टेल १६ आणि हेअर्स इअर १४. फेजंट टेल ही इंग्लंडच्या फ्रँक सॉयर यांची. ते नदीचे राखणदार होते आणि त्यांनी ती धाग्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधली, म्हणून ती झटकन बुडते. शिवाय एक वूली बगर, १० नंबर, तिला मात्र ४एक्स लाव. प्रत्येकीच्या तीन-तीन घे, झाडं आपला वाटा घेतातच.

मावशी: सगळ्या गळांचे उलटे काटे चिमट्याने दाबून टाक. लाइनमध्ये ढील ठेवली नाहीस तर मासा सुटत नाही, आणि सोडताना गळ सहज निघतो. माणसाच्या बोटातूनसुद्धा. जाळी रबराची. हात आधी ओले कर, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. मासा पाण्यातच धर, तोंड प्रवाहाकडे, स्वतःहून निघेपर्यंत.

मामा: छोटा थर्मामीटरही घे. पाणी २० अंशांच्या वर गेलं तर रॉड बाहेर काढायचाच नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला ट्राउट सोडला तरी मरतो. आणि जिथे जाशील तिथला परवाना, बंदीचा काळ, मासा ठेवायचा की सोडायचा, हे आधी वाचून जा.

ताई: म्हणजे डब्ल्यूएफ५एफ लाइन, ९ फुटी ५ वेट, साधं रीळ, लीडर, दोन टिपेट, बारा-पंधरा माशा, कात्री, चिमटा, चष्मा, टोपी, जाळी, थर्मामीटर. आणखी काही?

मामा: माशी तरंगावी म्हणून तिला लावायचं मलम. बस. खिशांचं जाकीट, वेडर सगळं नंतर.

मी: सामान आलं की पहिल्या रविवारी नदीवर जाऊ?

मामा: पहिले तीन रविवार मैदानावर. लीडरच्या टोकाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांध. तीस फूट, त्यापेक्षा लांब नाही. मागची फेक पूर्ण उलगडेपर्यंत थांब, मान वळवून बघ. पुढे ढकलायची घाई केलीस तर चाबकासारखा आवाज येईल. नदीवर तो आवाज आला की समज माशी तुटून गेली.

मी: लोकर कुठल्या रंगाची?

मावशी: भगवी किंवा गुलाबी. गवतात सापडायला हवी. माझ्याकडे उरलेला गुंडा आहे, घेऊन जा.