मदत हवी आहे: कार्यक्रमात मधेच उठून बोलत सुटणाऱ्या काकांना न दुखवता कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी. इथं बरेचजण कोल्हापूरचे आहेत म्हणून विचारते, बाहेरच्यांना आमच्याकडची पब्लिक कळणार नाही.

आम्ही काहीजण पावसाळ्याच्या तोंडावर तालमीत, बचत गटात, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जाऊन पुराच्या तयारीवर अर्धा-पाऊण तास बोलतो. म्हणजे पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे, पण तुमच्या गल्लीत पाणी किती फुटाला शिरतं ते घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, कागदपत्रं कशात गुंडाळायची, मेन स्विच कधी पाडायचा, आजी-आजोबांना आधी हलवायचं, असलं साधंच. बोलायचं माझ्याकडं आलंय कारण बाकीच्यांना माईक हातात दिला की घाम फुटतो. मला बोलायची भीती वाटत नाही, माझा प्रॉब्लेम समोरच्यांचा आहे.

प्रत्येक ठिकाणी एक काका असतातच. पहिली रांग, खुर्ची जरा तिरकी, मांडीवर पेपरची कात्रणं असलेली प्लास्टिकची पिशवी. मी जरा कुठं रंगात येते तोवर हात वर. तो हात परवानगी मागायला नसतो, आता मी बोलणार एवढं सांगायला असतो. "ताई, ते ऱ्हाऊ दे, आधी अलमट्टीचं बोला." झालं! मग कर्नाटकाला त्या कृष्णेवरच्या धरणाची (त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर चढतो म्हणतात) पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायचीय (तिन्ही दशांश तोंडपाठ असतात हो), मग पुराचा अभ्यास करणारी वडनेरे समिती, मग हायवेचा भराव, मग पूररेषेत परवानग्या कुणी दिल्या. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की, असं मी म्हटलं तर लगेच दुरुस्ती, "उघडत न्हाईत, आपोआप उघडत्यात, स्वयंचलित हाईत." आता यात खोटं काय आहे सांगा? काही नाही. बरंचसं मलाही पटतं, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला आमच्या घरात पाणी होतं, राग मलाही येतो. पण अलमट्टीचा निकाल त्या पार्किंगमध्ये लागणार आहे का?

परवा एका ठिकाणी मागं एक बाई उभी होती, कडेवर पोरगं, तिला विचारायचं होतं की दोन म्हशी आहेत, त्या कुठं न्यायच्या आणि कधी. तिनं दोनदा तोंड उघडलं. काकांचं समितीपर्यंतच आलं होतं. बाई शेवटी निघून गेली, भाकरीची वेळ झाली असणार. कार्यक्रम खरं तर तिच्यासाठी होता.

तोंडावर "बसा" म्हणता येत नाही. वयानं मोठी माणसं, आणि तालमीतल्या ज्येष्ठांचा अपमान झाला तर पुढच्या वर्षी आम्हाला कोण बोलावणार? शिवाय मी बाई, त्यामुळं "पोरगीला काय कळतंय" हे वेगळंच. मागं रील बघणारी पोरं आणि "मिटिंगमध्ये हाय, बोल" म्हणून मोठ्यानं फोन घेणारे पण असतात, त्यांचं मी बघून घेते, थोडं बोलायचं थांबलं की शेजारचेच त्यांना गप्प करतात. काकांवर उपाय सांगा.

प्रतिसाद:
मी वीस-पंचवीस वर्षं सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सांभाळल्यात, "नामंजूर नामंजूर" च्या आरोळ्यांत अहवाल वाचलाय, त्यापुढं तुमचे काका म्हणजे देवमाणूस. पहिली गोष्ट, माईक सोडायचा नाही. कॉर्डलेस असेल तर तुमचा एक माणूस माईक धरून प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाजवळ नेईल पण त्याच्या हातात देणार नाही. माईक हातात गेला की परत मिळत नाही, हे लिहून घ्या. दुसरं, सुरुवातीलाच सांगायचं, "प्रश्न शेवटी, एकेकाचा एकच, आणि आधी बायकांचे." नियम आधी सांगितलेला असला की नंतर अडवलं तरी अपमान होत नाही, नियमाकडं बोट दाखवता येतं. मधेच सांगितला तर तो माणसाला लागतो. आणि कागदाच्या चिठ्ठ्या फिरवा. ज्यांना उभं राहून बोलायचा संकोच आहे त्यांचे प्रश्न त्यातून येतात, तुमच्या म्हशीवाल्या बाईचा पण आला असता.

प्रतिसाद:
ताई सोप्पं हाय, अर्धा तास आधी जावा आन् काकास्नी चहा पाजा. खरंच सांगतोय. आमच्या तालमीत पण असलं एक हाईत, त्यांचं ऐकून घेतलं की अर्धी हवा तिथंच जाते. त्यांस्नी विचारा २०१९ ला गल्लीत पाणी कुठवर आलं हुतं, दाखवा. मग कार्यक्रमात तुम्हीच म्हणायचं, काका पाच मिनिटं सांगतील पाणी कुठनं शिरलं आन् किती वाजता. लई बारकं सांगत्यात ते, तुमच्या स्लाईडपेक्षा भारी. आन् एकदा मान मिळाला की माणूस गप्प बसतंय, मग मागनं कोण मधी बोललं तर काकाच त्याला झापत्यात.

प्रतिसाद:
वरच्या भावाचं बरोबर, फक्त पाच मिनिटांची पंधरा होणार हे गृहीत धरा. मी ट्रेनिंग घेतो, माझी पद्धत सांगतो. समोरचा बोलत असताना त्याच्याकडं चालत जायचं, जवळ उभं राहायचं. जवळ गेलं की माणूस आवाज आणि लांबण दोन्ही आपोआप कमी करतो. तो श्वास घ्यायला थांबला की त्याचंच म्हणणं एका वाक्यात मोठ्यानं सगळ्यांना सांगायचं, "काकांचं म्हणणं असं की धरणांचं नियोजन झाल्याशिवाय आपली सुटका नाही, बरोबर?" तो मान हलवतो. तिथून नजर काढून दुसऱ्या बाजूला वळायचं आणि पुढचं वाक्य त्या बाजूच्या लोकांकडं बघत बोलायचं. उत्तर देताना परत त्याच्याकडं बघितलंत तर दुसरा अंक सुरू. आणि वाद घालू नका, तुम्ही जिंकलात तरी हॉल त्याच्याच बाजूला जातो.

प्रतिसाद:
अलमट्टीसाठी वेगळा कार्यक्रम ठेवा की मग, आम्ही येतो. पिशवी घेऊन 😄

मूळ धागालेखिका:
सगळ्यांचे आभार, शेवटच्यांचे जरा कमी 😄 माईकचं आणि चिठ्ठ्यांचं लगेच करते. चहाचं पण पटलं, पण काका ओळखायचे कसे, नव्या ठिकाणी कोण बोलणार ते आधी कळत नाही ना. आणि अजून एक राहिलंच, नेतेमंडळी उशिरा येऊन "दोन शब्द" बोलतात त्याचं काय? त्यांच्यापुढं नियम चालत नाही.

प्रतिसाद (सभावाले):
काका ओळखायला तालमीत चहा देणाऱ्या पोराला विचारा, तो बरोबर नाव सांगतो. नेत्यांचं म्हणाल तर त्यांना सुरुवातीची वेळ द्यायची, पत्रिकेत छापून. आले तर बोलतील, उशिरा आले तर शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवायचं आणि तुम्ही तुमचं चालू ठेवायचं. सत्कार झाला की बहुतेकांना पुढचा कार्यक्रम असतो.