मदत हवी आहे: लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर पर्जन्यबाग करायची आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या लेआउटमध्ये महापालिकेचा एक प्लॉट रिकामा पडलाय. जोराची सर आली की रस्त्याचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि पुढे दोन घरांच्या पायरीला लागतं. २३ सप्टेंबर २०२३ चा अंबाझरी तलावाचा पूर आठवला की अजून धस्स होतं.

तिथे वीतभर खोल, पसरट खळगा करून पाणी जिरवायचं आणि वाळा, कर्दळ लावायची, म्हणजेच पर्जन्यबाग करायची, असं आम्हा शेजाऱ्यांचं ठरतंय. अडचण मातीची. आपली काळी माती! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिकट लगदा. परवा फूटभर खड्डा खणून पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही अर्धं तसंच. पाणी दोन दिवसांत जिरलंच पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात डास होतील. डेंग्यू आमच्या गल्लीने पाहिलाय, म्हणून इथे तडजोड नको.

माती काढून रेती आणि शेणखत भरावं, की खाली गिट्टीचा थरही लागेल? जास्तीचं पाणी कुठे काढलंत? आणि परवानगीचा अर्ज झोन कार्यालयात द्यायचा की उद्यान विभागात? नागपुरात कोणी केलं असेल तर कृपया सांगा, बघायला येऊ.