मदत हवी आहे: जेम्स बाँडचे सिनेमे कोणत्या क्रमानं दाखवू?

मंडळी, लातूरला आमच्या रूमवर 'नो टाइम टू डाय'वरून (2021) दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, 1962 पासून चाललेल्या बाँडला मारायचा हक्क कुणी दिला? दुसरा म्हणतो, डॅनियल क्रेगनं साकारलेला बाँड पहिल्यापासून रक्तबंबाळ होणारा, जीव लावणारा, मग मरेलही. मला दुसऱ्याचं पटतं. पोरीचं खेळणं पट्ट्यात खोचून क्षेपणास्त्रांची वाट बघणारा बाँड आधी कुठं होता? पण खलनायक लई फिका, अन् 163 मिनिटं म्हणजे अतीच.

आता परभणीहून मामेभाऊ येतोय. त्यानं एकही बाँड पाहिला नाही (ग्रुपवर नाही, म्हणून बिनधास्त लिहितोय). 'कसिनो रोयाल'पासून क्रेगचे पाचही दाखवू, का 'क्वांटम ऑफ सोलेस' गाळला तर चालतंय? बाँडची प्रेयसी मॅडलिन कळायला 'स्पेक्टर' लागणारच. रविवारच्या आत सांगा राव.