मदत हवी आहे : कळा सोसायच्या कशा? (नाशिक)

मैत्रिणींनो, सिडकोत राहते, पहिलंच बाळंतपण, ३६वा आठवडा लागलाय. बॅग भरून झाली, दुपटीसुद्धा धुऊन ठेवलीत, पण कळांच्या विचाराने रात्री झोप उडते.

सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का सोसलं?" (त्याच रोज कंबरही चोळून देतात, तक्रार नाही.) मला एपिड्युरल घ्यावंसं वाटतंय. कमरेत मणक्याजवळ बारीक नळी बसवून दुखणं कमी करणारं औषध देतात, आपण शुद्धीत राहतो, एवढं कळलंय. पण आमच्या डॉक्टर म्हणाल्या, रात्री भूलतज्ज्ञ वेळेवर येतीलच असं नाही. मग काय करायचं?

गंगापूर रोड, इंदिरानगर भागात कुणी घेतलंय का? गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडल्यावर दिलं? जोर लावताना त्रास झाला? निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रस ऑक्साइड असलेला गॅस मास्कने ओढायला देणारं हॉस्पिटल इथे आहे का? आणि लेबर रूममध्ये नवऱ्याला आत सोडतात का? तो रक्त बघून घेरी येणाऱ्यातला आहे, तरी हात धरायला तोच हवाय.

"काही होत नाही गं" सोडून काहीही सांगा.