कापसाचा पर्णगुच्छ विषाणू: फवारणीच्या आधीची तयारी

कापसाचा पर्णगुच्छ विषाणू रोखायला ऑस्ट्रेलियाने तो पसरवणारी पांढरी माशी नुसती मारावी, असं एक मत आहे; ते पटत नाही. विषाणू माशीत टिकून राहतो. अंदाधुंद फवारणीने मित्रकीटक मरतात, माशी उलट भडकते. खरी ढाल म्हणजे हंगामानंतर खोडवा आणि आपोआप उगवलेली कपाशी मुळासकट काढणं. नर्सरीतली जास्वंदही तपासा! चीनमध्ये २००६ साली हा विषाणू ग्वांगझूत जास्वंदीवरच सापडला होता.

पान उलटून उजेडाकडे धरा: शिरा जाड, गर्द हिरव्या, कधी खाली वाटीसारखी छोटी पानं फुटलेली. संशय आला तर झाड उपटून नेऊ नका. फोटो काढा, जागा खुणावा, ऑस्ट्रेलियाच्या पीक-कीड हॉटलाइनवर, १८०० ०८४ ८८१ वर कळवा. एकाच प्रतिकारक वाणावर भिस्त नको. पाकिस्तानात याच विषाणूच्या ‘बुरेवाला’ नावाच्या प्रकाराने वाणांची प्रतिकारशक्तीच मोडली.