यंदाचं वाण आपल्या हातचं: सोसायटीच्या ग्रुपवर ठशांची चर्चा

*रविवार, सकाळ*

स्नेहल (बी-३०४): नमस्कार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं ते या आठवड्यात ठरवूया. मागच्या वर्षीचे प्लास्टिकचे डबे आमच्याकडे अजून तसेच पडून आहेत, खरं सांगते. यंदा साठ जणी तरी होतील.

वैशाली (ए-५०१): स्टीलच्या वाट्या?

प्राजक्ता (सी-२०२): कापडी काहीतरी देऊया ना, आपण स्वतः छापलेलं. माझ्या लेकीने शाळेत भेंडीचे ठसे केलेत, इतके गोड आलेत. ताट झाकायचे रुमाल केले तर?

वैशाली (ए-५०१): साठ रुमाल हाताने? कधी होणार?

मंगलाकाकू (ए-१०१): होतात गं. मी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवत होते तेव्हा एका तासात पन्नास मुलं छापायची. मांजरपाट घ्या. ३६ इंच पन्हा असेल तर एका मीटरमधून बारा इंची नऊ रुमाल निघतात. सात मीटर आणलं की त्रेसष्ट झाले. मात्र कापड कोरं असतं, त्यात खळ असते. रात्रभर गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापायचं. खळ राहिली तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. शिवाय कोरं कापड आटतं, आधी कापलं तर रुमाल वेडेवाकडे होतील.

अण्णा (ए-३०२): खर्चाचा अंदाज द्या. हळदीकुंकवाच्या खात्यात शिल्लक आहे, त्यात बसलं तर माझी हरकत नाही.

स्नेहल (बी-३०४): देते अण्णा. कापडवाल्याला विचारून संध्याकाळपर्यंत कळवते.

प्राजक्ता (सी-२०२): काकू, मी मागे आईसाठी एक ओढणी छापली होती. ऑफिसचं स्टॅम्प पॅड वापरलं, दिसायला अगदी सुरेख. पहिल्याच धुण्यात सगळं निळं झालं. आईने काही म्हटलं नाही, पण मला फार लागलं. तसं काही व्हायला नको.

मंगलाकाकू (ए-१०१): ती शाई कागदासाठी असते बाळा, पाणी लागलं की पसरते. कापडाला फॅब्रिक कलरच हवा. छापून झाल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची, वाफ न सोडता. त्यानंतर तीन दिवस तरी पाण्यात घालायचं नाही. मी असेच छापलेले अभ्रे आमच्याकडे आठ वर्षं वापरात आहेत.

सेक्रेटरी (बी-७०१): सूचना: टाकीच्या साफसफाईमुळे उद्या पाणी सकाळी ७ ते ९ याच वेळात येईल. कृपया भरून ठेवावे.

स्नेहल (बी-३०४): 🙏 कापड आज रात्रीच भिजवते म्हणजे.

*रविवार, रात्र*

वैशाली (ए-५०१): ठसा कसला करायचा? लक्ष्मीची पावलं छान दिसतील, संक्रांत आहे तर.

अण्णा (ए-३०२): मला हे पटत नाही. पुढे कुणी त्या रुमालाला हात पुसेल, कुणी ओटा पुसेल. पावलं तिथे नकोत.

वैशाली (ए-५०१): हो, हे डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे अण्णा.

मंगलाकाकू (ए-१०१): अण्णांचं म्हणणं अगदी योग्य. ओम, स्वस्तिक, पावलं, गोपद्मं हे सगळं पूजेच्या वस्त्रावर ठेवूया. रुमालावर पतंग, सुगड, तिळाचं फूल. पतंग तर बटाट्यावर चार सरळ कापांत होतो आणि शेपटीला बांगडीची कड रंगात टेकवून अर्धगोल उठवायचे. माझा अनुभव असा की आकार जितका साधा, तितका ठसा देखणा. बारीक नक्षी कोरायला गेलं की खाचांत रंग भरतो आणि सगळा गोळा होतो.

ओंकार (बी-१०३): काकू, आमच्याकडे आजीचा पितळेचा गोपद्मांचा छाप आहे. चातुर्मासात ती त्यानेच काढते. तसले छाप नाही का चालणार?

मंगलाकाकू (ए-१०१): रांगोळीचा छाप असा पाहा बरं, त्याला भोकं असतात. रांगोळी त्यातून खाली पडते, म्हणजे तो चाळणीच्या जातीचा. रंग लावून दाबलास तर काहीच उमटणार नाही. तो कापडावर ठेवायचा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजने वरून टिपायचं, मग ठिपके उतरतात. ठसा वेगळा, त्याचा उंच राहिलेला भाग रंग घेतो. वारकऱ्यांकडे गोपीचंदन लावायच्या पितळी मुद्रा असतात ना, शंखाच्या, चक्राच्या, त्या खऱ्या ठशाच्या जातीच्या. आणि पेढ्याचा लाकडी साचा तिसराच, त्यात आकार खोल असतो. तिन्ही आपल्या घरात असतात आणि तिघांना आपण छापच म्हणतो.

मेधा (सी-६०१): किती छान सांगितलंत काकू. माझं माहेर इंदूरचं. तिथून आम्ही धार जिल्ह्यातल्या बाग गावी जायचो, छपाई बघायला. पांढऱ्यावर लाल आणि काळा, मुख्य हे दोनच रंग. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात घालतात, लाल येतो तुरटीमुळे, काळा लोखंडामुळे. ठसे सागवानी. एक माणूस ठसा ठेवतो, मुठीने ठोकतो, उचलतो, पुढचा अगदी शेजारी. सांधा कुठे आहे ते दिसत नाही. मी तासभर उभी राहिले तरी डोळे हटेनात.

मंगलाकाकू (ए-१०१): आणि त्यांच्या टेबलावर काय असतं पाहिलंस का? कापडाचे जाड थर. आपल्याकडे नेमकं हेच चुकतं. आपण फरशीवर किंवा काचेच्या टीपॉयवर छापतो आणि मग मधला भाग उठत नाही. खाली जुनी घोंगडी, त्यावर सुती चादर, मग रुमाल. ठसा सरळ ठेवायचा, तळव्याने दाबायचा, हलवायचा नाही, सरळ वर उचलायचा. लाकडी ठसे करण्यात गुजरातमधलं गांधीनगरजवळचं पेथापूर नावाजलेलं आहे. तिथले मोठे ठसे असतात त्यांना आरपार भोकं पाडलेली असतात, म्हणजे हवा अडकत नाही. आपला ठसा तळहाताएवढाच, आपल्याला त्याची गरज नाही.

प्राजक्ता (सी-२०२): मुलांना कोणता ठसा द्यायचा? सुरी हातात द्यायची भीती वाटते.

मंगलाकाकू (ए-१०१): सुरी द्यायचीच नाही. भेंडी, कारलं, कांदा, कमळकाकडी आडवी कापून द्या. कमळकाकडीचं तर आयतं फूल आहे, काही कोरावंच लागत नाही. कांद्याचा अर्धा भाग थोडा वेळ उघडा ठेवला की वलयं मोकळी होतात. पिंपळाचं पान असेल तर त्याच्या मागच्या बाजूला रंग लावायचा, तिकडे शिरा उठावदार असतात. लहानांना काड्यापेटीला सुतळी गुंडाळून द्या, रेघांचा ठसा होतो. बटाटा मोठ्यांनी कोरायचा. एका सपाट घावात मधोमध कापायचा, करवतीसारखी सुरी मागेपुढे केली की पृष्ठभाग उंचसखल होतो. मग कागदावर पालथा घालून दहा मिनिटं पाणी निथळू द्यायचं, पुसायचा आणि मगच कोरायचा. अर्धा सेंटिमीटर तरी खोल. पाणी राहिलं तर रंग पातळ होऊन कापडावर ओघळतो. आणि बटाटा संध्याकाळपर्यंत सुरकुततो, म्हणून छापायच्या दिवशीच कोरायचा.

स्नेहल (बी-३०४): रंगात बुडवायचा का?

मंगलाकाकू (ए-१०१): कधीच नाही!! ताटलीत रंग पसरून ओल्या स्पंजच्या तुकड्याने ठशावर टिपायचा. पहिले दोन ठसे नेहमी जाड येतात, ते जुन्या चिंधीवर काढा. तिसऱ्यापासून रुमाल.

*बुधवार*

ओंकार (बी-१०३): काकू, एक विचारायचं आहे. फेब्रुवारीत आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिला विकतचं काही द्यावंसं वाटत नाही. तिच्या रांगोळीच्या वहीतल्या आकृत्यांचे ठसे करून पूजेच्या ताटावर झाकायचं वस्त्र करतोय. ती वही तिने लग्नाच्या आधीपासून भरली आहे. ज्ञानकमळ, गोपद्मं, कासव, शंख. कशावर कोरू?

मंगलाकाकू (ए-१०१): किती सुंदर विचार आहे रे. बटाटा नको, खोडरबर घे. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मोठे मिळतात, तिथेच कोरायचं कटर मिळेल. लिनोलियमची शीटही मिळते, जवसाच्या तेलात बुचाची भुकटी मिसळून केलेली असते. कडक असते, पण दहा मिनिटं उन्हात ठेवली की लोण्यासारखी कापली जाते. नंदलाल बोसांनी १९३० साली दांडीयात्रेतले काठी घेतलेले गांधीजी केले ते लिनोवरच. काळ्या जमिनीवर थोड्याशाच पांढऱ्या रेघा आणि सगळी चाल त्यात आली. ते चित्र एकदा बघ आणि मग ठरव की ज्ञानकमळाच्या किती रेघा ठेवायच्या. हात नेहमी कटरच्या मागे, पात्यासमोर कधी नाही.

ओंकार (बी-१०३): खाली "आई" असंही लिहायचं आहे. बाबा आणि आत्या तिला आईच म्हणतात ना. मी खोडरबरावर कोरलं आणि कागदावर उलटंच आलं 😔

मंगलाकाकू (ए-१०१): छापायचं म्हणजे अक्षर उलटं कोरायचं, ते सगळ्यांना शिकावं लागतं. १८०५ मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली होती. ते केवढं काम असेल विचार कर. तुला सोपा उपाय सांगते. बटरपेपरवर मऊ, गडद पेन्सिलीने हवं तसं सुलटं लिही. तो कागद खोडरबरावर पालथा घाल आणि चमच्याच्या पाठीने घास. पेन्सिलीचं काळं रबरावर उतरतं, आपोआप उलटं. मग जेवढं काळं तेवढं ठेवायचं, बाकीचं काढायचं. शिरोरेषा जाड ठेव, तीच सगळ्यात आधी तुटते. आकृत्याही अशाच उतरव, नुसत्या बघून कोरू नकोस.

मेधा (सी-६०१): रांगा सरळ याव्यात म्हणून वस्त्राला आधी चार घड्या घालून इस्त्री कर ओंकार. घडीच्या रेघांवर ठसे धरत जायचं. पेन्सिलीच्या खुणा करायला नकोत.

अण्णा (ए-३०२): ओंकार, आजींना माझा नमस्कार सांग. आणि स्नेहल, कापड आणि रंगांचा खर्च बसतो आहे. मंजूर.

*शनिवार*

स्नेहल (बी-३०४): कापड धुऊन, कापून, दुमडून शिवून तयार. त्रेसष्ट रुमाल. उद्या दुपारी ३ ला गच्चीवर. प्रत्येकीने एक जुनी चादर आणि दोन बटाटे आणा. रंग तीनच घेतलेत: लाल, मातकट पिवळा, काळा.

वैशाली (ए-५०१): काकू, आज सकाळी घरी एक करून पाहिला. पतंग एका कोपऱ्यात फिकट आलाय. तो बाजूला ठेवू का?

मंगलाकाकू (ए-१०१): ठेवू नकोस, तोही द्यायचा. फिकट कोपऱ्यात पुन्हा ठसा मारायला मात्र जाऊ नकोस, दुसऱ्यांदा तो तंतोतंत बसत नाही आणि दुहेरी दिसतो. साठ रुमाल जर एकसारखे हवे असते तर आपण दुकानातूनच आणले असते ना? ज्या घरी जाईल तिथे कळू दे की हा वैशालीने दाबला आहे.

प्राजक्ता (सी-२०२): मुलांना मागच्या बाजूला आपापल्या अंगठ्याचा ठसा द्यायचा आहे, कोपऱ्यात छोटासा. चालेल?

मंगलाकाकू (ए-१०१): चालेल काय, झालंच पाहिजे. हात लगेच साबणाने धुवा, फॅब्रिक कलर वाळला की निघत नाही. आणि रंग लागलेले बटाटे स्वयंपाकात जाऊ देऊ नका, सरळ ओल्या कचऱ्यातही नको, कागदात गुंडाळून वेगळे टाका.

*रविवार, रात्र*

स्नेहल (बी-३०४): एकसष्ट झाले. दोन पावसात, म्हणजे श्रेयाने पाण्याची बाटली सांडली त्यात गेले. दोरीवर वाळत घातलेत, उद्या संध्याकाळी खाली इस्त्री करूया. कुणाची इस्त्री आणायची?

मेधा (सी-६०१): माझी आणते. गच्चीवर ते सगळे पतंग वाऱ्यावर हलत होते, मी जिन्यातच बसून राहिले बघत.

ओंकार (बी-१०३): काकू, एक गंमत नाही, खरंच सांगतो. कासवाचा ठसा मी तुमचं न ऐकता वहीत बघून थेट कोरला होता, साधा आहे म्हणून. आज चाचणीचा कपडा टेबलावर राहिला आणि आजीने पाहिला. मला वाटलं आता सगळं गुपित फुटलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाली, "याची शेपटी माझ्या कासवाची नाही. माझ्याची उजवीकडे वळते." मग तिनेच पेन्सिल मागितली. हात थरथरतो तिचा, तरी बटरपेपरवर पूर्ण कासव एका दमात काढून दिलं. आता आज रात्री तेच कोरतो.

मंगलाकाकू (ए-१०१): रेघ थरथरली असेल तर तशीच कोर, सरळ करू नकोस. आणि घासून झाल्यावर तो बटरपेपर टाकू नकोस रे. तिच्या वहीत ठेव.